मॅट्रिकचं गाणं

भिंगारच्या बाजारात एक माणूस गिटार शिकवून पोट भरत होता, हे आज माझ्या नातवालाही खरं वाटत नाही. पोट गळ्यापर्यंत भरत नसे, हे कबूल. शिकवण्यांच्या जोडीला मी पेट्यांचे भाते चिकटवायचो, तुटलेल्या तंबोऱ्यांना घोड्या बसवायचो. पण दुकानाच्या पाटीवर 'गिटार क्लास' असं आधी लिहिलेलं होतं आणि दुरुस्ती खाली, बारीक अक्षरात.

भिंगार हे छावणीचं गाव. देशभरातले लष्करी अधिकारी बदलून तिथे येत, आणि त्यांची मुलं येताना नवनवी वेडं घेऊन येत. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला त्यांनी गिटारचं वेड आणलं आणि वर्षभरात ते नगरच्या कॉलेजातल्या पोरांनाही लागलं. मला स्वतःला ते वेड नव्हतं. आमचं घर ख्रिस्ती, वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. नोटेशन वाचायला मी त्यांच्याकडून शिकलो आणि गिटार एका गोवेकर बँडमास्तरकडून. मुलं जी गाणी घेऊन यायची त्यांना ती फोक-रॉक म्हणत. परदेशातली जुनी लोकगीतं किंवा त्या वळणाची नवी गाणी, खाली रॉकचा ठेका. गाणारा बहुधा एकटा, हातात साधी लाकडी गिटार. ऐकताना कुणालाही वाटावं, हे तर मी रविवारपर्यंत वाजवीन.

माझं काम इथे सुरू व्हायचं. या गाण्यांची पुस्तकं नगरला मिळत नसत. मुलगा काखेत रेकॉर्ड मारून यायचा आणि विचारायचा, "मास्तर, हे मला कधी येईल?" मी ती दोनदा ऐकायचो, तिसऱ्यांदा गिटार घेऊन बरोबर वाजवून बघायचो आणि निकाल द्यायचो. माझ्या इयत्ता ठरलेल्या होत्या. बालवर्ग, चौथी, सातवीची फायनल आणि मॅट्रिक. एका लांबोडक्या वहीत प्रत्येक गाण्यापुढे त्याची इयत्ता लिहिलेली असे, आणि छावणीतल्या बायकासुद्धा एकमेकींना विचारत, तुमच्या मुलाचं गाणं कितवीत आहे म्हणून.

गिटार हातात न धरलेल्यांसाठी थोडं सांगतो. गिटारला सहा तारा असतात. डाव्या हाताची बोटं ठरावीक जागी दाबून उजव्या हाताने तारा छेडल्या की तीन-चार सुरांचा एकत्र आवाज येतो, त्याला कॉर्ड म्हणतात. जी, सी आणि डी या तीन गरीब स्वभावाच्या कॉर्ड. बऱ्याच तारा मोकळ्याच ठेवायच्या, दोन-तीन बोटं टेकवली की झालं. ज्या गाण्याचं या तिघींवर भागतं ते बालवर्गाचं. कॉर्ड भराभर बदलाव्या लागल्या तर चौथी. उजव्या हाताचा अंगठा एक चाल चालतोय, बोटं दुसरी चालतायत आणि वर तोंडाने गायचंही आहे, असं असलं की फायनल. आणि मॅट्रिक म्हणजे आडवं बोट. काही कॉर्डमध्ये पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा त्या एका बोटाने दाबाव्या लागतात आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचं काम करायचं असतं. माझे जितके विद्यार्थी आडव्या बोटाने पळवले तितके छावणीच्या बदल्यांनीही पळवले नाहीत.

माझे अंदाज सहसा चुकत नसत. एकदा चुकला तो गमतीचा. कॉलेजातल्या एका मुलाला गॅदरिंगसाठी दोनच कॉर्डचं गाणं हवं होतं. मी डोळे मिटून बालवर्ग लिहिलं. गाण्याला अठरा कडवी आहेत आणि प्रत्येकाची सुरुवात जवळजवळ सारखी आहे, इकडे माझं लक्ष नव्हतं. सातव्या कडव्यावर तो घसरला तो थेट पहिल्यावर आला. असं तीनदा झालं. चौथ्या फेरीला सगळं सभागृह त्याच्याबरोबर गात होतं, कारण तोवर सहा कडवी सगळ्यांना पाठ झाली होती. मुलगा हिरो झाला आणि मी वहीत एक नवा रकाना आखला, शब्द किती आहेत त्याचा. एका मेजरसाहेबांच्या पत्नी तर म्हणायच्या की मला मॅट्रिकचंच गाणं द्या, नाही आलं तरी बदली होईपर्यंत वेळ बरा जाईल.

एक नियम मात्र मी कधी मोडला नाही. गाणं रेकॉर्डवर ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत शिकवायचं. हे वडिलांकडून आलं होतं. छापलेल्या पट्टीतून भक्तिगीत खाली-वर करणारा ऑर्गनवाला त्यांच्या लेखी अर्धा नास्तिक होता. या नियमाचा मला अभिमान होता. तो कुठे नडला तेच आज सांगायचं आहे.

पुणतांब्याचे रावसाहेब माझ्याकडे आले तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. रावसाहेब हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे. गोदावरीकाठी जमीन, ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. धोतर, टोपी, आणि खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली गिटार. मला वाटलं, विकायला आणली. त्यांनी ती हलकेच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मला ही शिकायचीय. एकच गाणं. जास्त न्हाई."

मी हसलो नाही, याचं मला आज समाधान आहे. पण विचारलं, तुम्हाला या गाण्यांची आवड कशी लागली? ते म्हणाले, आवड न्हाई. पहिल्या दिवशी एवढंच. तिसऱ्या मंगळवारी, बोटांना फोड आल्यावर, त्यांनी सगळं सांगितलं.

गिटार त्यांच्या मुलाची, अशोकची. तो पुण्याला कॉलेजात होता. सुट्टीत घरी आला की ओसरीवर बसून वाजवायचा, गायचा. रावसाहेबांना ते अजिबात आवडत नसे. गुऱ्हाळ सुरू असताना एका दुपारी ते त्याच्यावर ओरडले की लई झालं ट्यांवट्यांव, गडी आला न्हाई, चरकात ऊस घाल. अशोक उठला आणि ऊस घालायला लागला. पेरं चरकात ओढलं गेलं त्याबरोबर डावा हात ओढला गेला. इंजिन बंद करेपर्यंत तीन बोटं गेली होती.

त्याला वर्ष होऊन गेलं होतं. अशोक कॉलेजला परत गेला नाही. आईशी दोन शब्द बोलायचा, वडिलांशी हाय आणि न्हाई याच्या पलीकडे नाही. गिटार त्याने माळ्यावर टाकायला सांगितली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. गाणं बंद झालं.

"गाण्याला काय हाताची बोटं लागत न्हाईत," रावसाहेब म्हणाले. "गळा हाय तसाच हाय. पर वाजवनारं कोन न्हाई म्हनून गात न्हाई. त्याची बोटं गेली, तर माझी हायेत. मी वाजवीन, त्यो गाईल."

मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. एकेक बोट दोन तारांना पुरून वर उरेल असं. उजव्याचं सोडा, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला विळ्याचा जुना घाव होता आणि ते मधल्या पेरात वाकडं बसलं होतं. सरळ होतच नव्हतं. मला काळजी वाटली.

ते दर मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. घरी सांगून ठेवलं होतं की बांधाच्या केसची तारीख आहे. गिटार माझ्याच दुकानात टांगलेली असे, कारण अशोकला काही कळू द्यायचं नव्हतं. मधल्या दिवसांत सराव कसा करणार, असं विचारलं तर त्यांनी शेतातली युक्ती सांगितली. बाभळीच्या फळीवर गिटारच्या मापाने सहा तारा ताणून खिळे ठोकले होते आणि विहिरीवरच्या खोपटात बसून ते नुसती बोटं बसवत. आवाजाचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे त्या वर्षी सतरा-अठरा विद्यार्थी होते, पण असा सराव करणारा दुसरा नव्हता. अडीच महिन्यांत जी, सी आणि डी त्यांना आल्या. बदलताना वेळ लागायचा, डी लावताना तर जीभ दातांत धरायचे, पण सूर स्वच्छ यायचा. ठेकाही धरता येऊ लागला.

मग एका मंगळवारी त्यांनी रेकॉर्ड आणली. अशोक मामाकडे गेला होता म्हणून त्याच्या पेटीतून काढता आली होती. उपरण्यात गुंडाळून, प्रवासभर मांडीवर धरून आणली होती. हेच गाणं घेऊन पोरगा बसायचा, इतकंच त्यांना माहीत होतं. मी ती लावली. दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा गिटार घेऊन वाजवून बघितली आणि माझं तोंड उतरलं. गाणं बी फ्लॅट या पट्टीत होतं. तीनच कॉर्ड, पण तिन्ही आडव्या बोटाच्या. त्या वाकड्या बोटाने त्यातली एकही लागणार नव्हती. महिन्याने नाही, दहा वर्षांनीही नाही.

मी खोटी आशा लावत नसे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे मॅट्रिकचं गाणं आहे आणि तुमच्या बोटाने ते होणार नाही. दुसरं एखादं बालवर्गाचं देतो, महिन्यात बसेल.

"दुसरं घिऊन काय करू?" ते म्हणाले. "त्याला ह्येच येतं. ह्येच त्यो गायचा."

त्यांनी रेकॉर्ड पुन्हा उपरण्यात गुंडाळली. गिटार सध्या ऱ्हाऊ द्या, म्हणाले, गाडीत लोक विचारत्यात. पुढच्या मंगळवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात थोडा अभिमानही होता, हे लपवत नाही. मी खरं सांगितलं होतं. वहीत गाण्यापुढे मॅट्रिक लिहिलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. चार महिने ती गिटार माझ्या डोक्यावर टांगलेली होती.

त्या काळात नगरच्या आसपास आश्रमांच्या वाटेने गोरी तरुण मुलं दिसू लागली होती. त्यातला एक, पीटर नावाचा, खूप उंच आणि खूप मळका, एका दुपारी दुकानात आला. त्याच्या गिटारची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, उन्हाने सुटली होती. मिशन शाळेतल्या इंग्रजीच्या बळावर आमचं बोलणं चाललं होतं. घोडी चिकटवायला घेतली तेव्हा मला त्याच्या गिटारच्या मानेवर एक विचित्र वस्तू दिसली. एक आडवी लोखंडी पट्टी, तिला खालून रबर लावलेलं आणि मागून पट्ट्याने आवळलेली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, कॅपो. मला काही कळलं नाही हे बघून त्याने स्वतःचं पहिलं बोट आडवं करून दाखवलं आणि मग त्या पट्टीकडे बोट केलं. जे काम बोटाने करायचं ते ही करते. ती आवळली की पुढे नेहमीच्याच सोप्या कॉर्ड धरायच्या, सूर आपोआप वर जातो.

माझ्या हातातला सरसाचा ब्रश तसाच राहिला. मी त्याला रावसाहेबांच्या गाण्याची चाल गुणगुणून दाखवली. त्याला ते माहीत होतं, त्याच्या वयाच्या सगळ्यांनाच माहीत असावं. भिंतीवरची अशोकची गिटार त्याने काढली, मानेवर आडव्या तारांनी पाडलेल्या घरांपैकी तिसऱ्या घरात कॅपो आवळला आणि वाजवायला लागला. जी, सी, डी. रेकॉर्डवरचंच गाणं, त्याच सुरात, बालवर्गाच्या तीन कॉर्डमध्ये. एक कडवं झाल्यावर तो खोकला, आज घसा बसलाय म्हणाला आणि कॅपो पहिल्या घरात सरकवून पुन्हा गायला लागला.

मी म्हटलं, पण रेकॉर्डवर तिसऱ्या घरात आहे ना? त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. म्हणाला, तो माणूस त्याच्या गळ्याने गातो, मी माझ्या.

हे मला एका परक्या पोराने सांगायला नको होतं. आमच्याकडे खेडोपाडी भजनाला बसणारा पेटीवाला पहिल्यांदा गाणाऱ्याला विचारतो, पट्टी कोणती? काळी एक की काळी दोन? मग पेटीवर हात ठेवतो. पेट्या दुरुस्त करण्यात माझी निम्मी हयात गेली होती आणि ती विचारणा मी शेकडो वेळा ऐकली होती. गिटार हातात आली की मात्र मी वडिलांचा मुलगा व्हायचो. रावसाहेबांना जी येत होती, सी येत होती, डी येत होती. म्हणजे त्यांना ते गाणं आलेलंच होतं, आणि ते आलेलं असताना मी त्यांना नापास करून घरी पाठवलं होतं. त्या घरात एक मुलगा आणखी चार महिने गप्प बसला होता. याची मला तेव्हा लाज वाटली आणि अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सकाळची पॅसेंजर धरली. कॅपो काही नगरला मिळण्यासारखा नव्हता. मी एक जाड पेन्सिल आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली, आदल्या रात्री घरी गिटारवर बांधून बघितलं, उत्तम काम झालं. गिटार त्याच गोणपाटात गुंडाळून पुणतांब्याला उतरलो आणि विचारत विचारत वस्तीवर पोहोचलो.

दारात रावसाहेबांच्या पत्नी भेटल्या. मी नगरहून आलोय म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "तुमीच का त्ये वकील? केस लागली का निकाली?" एवढ्यात रावसाहेब गोठ्यातून आले. त्यांची नजर गोणपाटाकडे गेली आणि चेहऱ्याचा रंगच उडाला, कारण मागे ओसरीवर अशोक बसला होता. डावा हात सदऱ्याच्या आत घातलेला. त्याने गोणपाटाचा आकार ओळखला होता.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी गोणपाट सोडलं, ओसरीवर बसलो आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की मी वकील नव्हे, गिटारमास्तर आहे, बांधाची केस नाहीच, रावसाहेब दर मंगळवारी माझ्याकडे अशोकचं गाणं शिकायला येत होते. आणि मी चुकलो. गाणं मॅट्रिकचं नाही, बालवर्गाचं आहे.

अशोकची आई खाली बसली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

मी तिसऱ्या घरात पेन्सिल बांधली, गिटार रावसाहेबांच्या मांडीवर दिली आणि कॉर्डचा क्रम सांगितला. चार महिन्यांत ते विसरले असतील अशी मला धास्ती होती. त्यांनी जी लावली आणि सूर अगदी स्वच्छ आला. फळी सोडली नव्हती त्यांनी. मी नापास केल्यावरही विहिरीवर बसून ते त्याच तीन कॉर्ड बसवत होते. कशासाठी, ते मी विचारलं नाही. गाण्याची पहिली ओळ दोनदा वाजवून झाली. डीपाशी ते अडखळले, थांबले, परत सुरू झाले. घामाने गिटार ओली झाली होती. ओसरीवरून उठून जायला अशोकला कुणी अडवलं नव्हतं, तरी तो उठला नाही.

मग मी माझ्या धंद्यातला तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला. "कोणती पट्टी?"

शेजारच्या मळ्यातलं इंजिन चालूच होतं. मग अशोक म्हणाला, "पेन्सिल काढा मास्तर. माझा गळा एवढा वर जात नाही. मी बिनपेन्सिलीचंच गायचो."

मी पेन्सिल काढली. सगळ्या तारा मोकळ्या झाल्या आणि रावसाहेबांनी पुन्हा जी धरली. अशोक ओसरीच्या कडेने सरकत वडिलांच्या समोर आला आणि त्यांच्या डाव्या हाताकडे, त्या वाकड्या बोटाकडे बघत राहिला. मग वडिलांना म्हणाला, "नाना, डीवर यायला तुमाला येळ लागंल. लागू द्या. मी थांबतो."

रावसाहेबांनी मान खाली घातली, जणू बोटं कुठे ठेवायची तेच बघतायत. अशोकने पहिली ओळ धरली. डी आली तेव्हा त्याने शेवटचा सूर लांबवला, आणि वडिलांची तिन्ही बोटं तारांवर नीट बसेपर्यंत तो सोडला नाही.